मांडणीच्या टोकाची तीस-तीस

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, माझा स्वभाव चिडका आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. पण तुम्हीच विचार करा. कित्येक हिवाळे दुकानाच्या मांडणीत अगदी टोकाला उभं राहायचं. समोर माणसं आपली पहिली रायफल निवडायला येणार, सगळ्यांचा सल्ला घेणार आणि हटकून चुकीची उचलणार. आणि आपल्याला तोंड नाही म्हणून आपण नुसतं बघायचं. कोणाचं डोकं फिरणार नाही?

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर पोलादाची आखूड नळी, बस्स. नक्षी नाही, चमक नाही. माझ्या पोटाखाली एक कडं आहे. ते खाली-वर केलं की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत बसतं. माणूस डावखुरा असो की उजवा, त्याला ते जमतंच. माझ्या काडतुसाला सगळे 'तीस-तीस' म्हणतात, म्हणून माझंही तेच नाव पडलं. तेवढ्या काडतुसात हरीण आरामात मिळतं आणि चालवणाऱ्याचा खांदाही जागेवर राहतो. आणखी काय हवं असतं हो माणसाला?

अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या दक्षिण काठाला सुलो नावाचा एक लाकूडतोड्या राहत असे. आपल्या पहिल्या कमाईतून त्याने मला घेतलं. त्याचे आईवडील फिनलंडहून आलेले, आणि तो फिन माणसांसारखाच फार कमी बोलणारा. पण माझी काळजी घ्यावी तर त्यानेच. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असायची. तिथून घरी आला की तो मला एकदम चुलीजवळ नेत नसे. थंड पोलाद उबेला आलं की त्याला घाम फुटतो आणि त्या घामाचा गंज होतो. म्हणून मी आधी पडवीत थांबायची, मग स्वयंपाकघराच्या दाराशी, मग आत. नंतर तो तेलाचं फडकं घेऊन माझी नळी पुसायचा आणि पुसताना कॉफी प्यायचा. प्रत्येक नोव्हेंबरात आम्ही हरणाचा एक नर आणायचो. लोक म्हणायचे, सुलोची तीस-तीस वाजली की समजावं, त्याच्या घरी कढई चढली.

मग सुलो गेला. त्याच्या पुतण्याने मला गावातल्या विल्होकाकाच्या दुकानात आणलं आणि बर्फ उपसायच्या यंत्राच्या बदल्यात देऊन टाकलं. मित्रांनो, बर्फ उपसायचं यंत्र! एवढ्या वर्षांच्या सेवेची ही किंमत!

विल्होकाकाच्या दुकानात रंगाचे डबे, गळाला लावायचे किडे, लोकरी मोजे आणि चॉकलेटं, सगळं एकाच काउंटरवर मिळतं. मागच्या भिंतीला रायफलींची मांडणी. पुढे नव्या कोऱ्या, आणि टोकाला आम्ही जुन्या. माझ्या दस्त्यावर ओरखडे होते, नळीचा निळा रंग हाताच्या जागी उडालेला होता. लोक माझ्यावर टोपी अडकवायचे. एका बाईने तर माझ्यावर ओले हातमोजे वाळत घातले. विल्होकाका दर वर्षी म्हणायचा, "ही या वर्षी नाही गेली तर सुटी करून टाकतो. दस्ता एकाला देतो, कडं दुसऱ्याला." मला तेव्हा धडकीच भरायची.

आणि माणसं काय घ्यायची? मॅग्नम! म्हणजे जास्त दारूचं जबर काडतूस झाडणारी रायफल. पहिल्यांदाच हरणाला जाणारा, आयुष्यात कधी चाप न ओढलेला माणूस छाती पुढे काढून यायचा आणि मॅग्नम मागायचा. लांबलचक नळी, काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर ही एवढी दुर्बीण. का? तर उद्या कधी पश्चिमेच्या डोंगरात मोठ्या सांबरावर जायचं झालं तर असावी. अरे बाबा, तू अजून शेजारच्या गावात गेला नाहीस, डोंगरात कधी जाणार? आमच्या इकडे सीडरच्या दाट झाडीची दलदल. तिथे हरीण दिसतं तेच अंगणाच्या त्या टोकाला असावं इतक्या जवळ. तिथे ही तोफ कशाला? सगळे पैसे त्या तोफेत जायचे, काडतुसं घ्यायला दमडी उरायची नाही. मग सराव नाही. मग नोव्हेंबरात नेम चुकला की दोष कोणाला? वाऱ्याला!

अशा एका ऑक्टोबरात हेल्मी दुकानात आली.

हेल्मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. तिचा नवरा टाऊनो लाकूडतोड्या. त्या उन्हाळ्यात ओंडका घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका सरकला. काठी घेऊन चालण्याइतका तो कसाबसा बरा झाला. पण डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा ओढाताण केलीस तर पाय जातील, मग खुर्चीत बसायचं ते कायमचं. हिवाळ्याचं मांस मात्र त्यांच्याकडे नेहमी हरणाचंच असे. घरातला मोठा फ्रीज त्या वर्षी अर्धाही भरलेला नव्हता. टाऊनोची स्वतःची रायफल भिंतीवर होती, पण ती खास डावखुऱ्यासाठी बनवलेली, खटका उलट्या बाजूला. हेल्मीला ती चालवताच येईना. टाऊनो म्हणाला होता, "मग मीच जातो." तो जाणार आणि दलदलीतून दीड माणसाच्या वजनाचं हरीण ओढत आणणार! हेल्मीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली. ती मेलेल्या हरणासाठी नाही, जिवंत नवऱ्याच्या पायांसाठी आली होती.

पण सोबत कोण? तिचा दीर आर्मास! टाऊनोचा मोठा भाऊ. मनाचा चांगला, पण या माणसाला गप्प बसणं माहीतच नाही.

विल्होकाकाने मला मांडणीतून काढलं, माझ्यावरची टोपी झटकली आणि काउंटरवर ठेवलं. म्हणाला, "हेल्मी, ही घे. बेताच्या किमतीत देतो. उरलेल्या पैशांची काडतुसं घे आणि सराव कर. पहिल्या वर्षी याहून जास्त काही लागत नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी काउंटरवर ठेवलं नव्हतं. मी श्वास रोखून धरला.

"हे काय?" आर्मास म्हणाला. "विल्होकाका, माझ्या भावजयीला भंगार विकता? ही तर सुलोच्या काळातली. हिच्या गोळीने हरीण हसेल."

"तुझी गोळी तर इतकी लांबून जाते की हरणाला कळतच नाही," विल्होकाका म्हणाला.

काउंटरपाशी कॉफी पीत बसलेले सगळे हसले. आर्मास लाल झाला. लाल झालेला आर्मास म्हणजे आणखी वाईट सल्ला देणारा आर्मास. त्याने पुढच्या रांगेतली काळी मॅग्नम उचलली आणि हेल्मीच्या हातात दिली. "ही बघ. हिच्यापुढे अस्वल लोळेल. तू बारीक आहेस, म्हणून तर तुला ताकदीची हवी. हप्त्याने घे."

बारीक माणसाला जास्त धक्का देणारी रायफल! हे कुठलं गणित? मला ओरडावंसं वाटत होतं. विल्होकाकाने तोंड उघडलं आणि मिटलं. नव्या मालात त्याला चार पैसे जास्त सुटणार होते, तोही शेवटी दुकानदारच. हेल्मीला वाटलं, घरातले लोक सांगतात तर खरंच असेल. मॅग्नम गेली. मी पुन्हा टोकाला. माझ्यावर पुन्हा टोपी.

दोन दिवसांनी दुकानाची घंटा वाजली आणि हेल्मी आत आली. तिच्या उजव्या भुवईवर एक ताजी जखम होती, तुमच्याकडच्या बायका कपाळावर चंद्रकोर रेखतात ना, अगदी तशी. आमच्या गावात ती खूण बघून कोणाला काही विचारावं लागत नाही. मोठी रायफल उडताना मागे येते आणि वरच्या दुर्बिणीची कड भुवईत घुसते. काउंटरपाशी कोणीतरी कॉफीतच फस्सकन हसलं.

"हसा," हेल्मी म्हणाली. "हसून झालं की सांगा. विल्होकाका, ही तोफ परत घ्या."

"खांदा कसा आहे?"

"निळा. आणि दुसऱ्या गोळीला मी डोळे मिटले. तिसऱ्या गोळीला तर आधीच मिटले. अशाने मी हरीण काय, गोठा पण मारू शकत नाही."

विल्होकाकाने मान खाली घातली. "चूक माझीही आहे," तो म्हणाला. "मी त्या दिवशी गप्प बसलो." त्याने मॅग्नम पूर्ण किमतीला परत घेतली, मला बाहेर काढलं, आणि काउंटरखालून कागदी बशांची एक चवड काढून हेल्मीपुढे सरकवली. "या बशा खडीच्या खाणीत लाव. ज्या अंतरावरून बसल्या जागी सगळ्या गोळ्या बशीत बसतील, तेवढं तुझं अंतर. त्याच्या पलीकडचं हरीण तुझं नाही. ते कितीही मोठं असो, तुझं नाही."

अशी मी हेल्मीच्या घरी आले. टाऊनोने मला हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "ही सुलोची." बस्स, एवढंच. पण त्याने मला पडवीत थांबवलं, मग दाराशी, मग आत घेतलं. आणि तेलाचं फडकं आणलं. मित्रांनो, मला आसवं असती तर मी रडले असते.

पण रडायला वेळ कुठे होता? हेल्मीचे डोळे! त्या मॅग्नमने दिलेली सवय काही जाईना. माझा धक्का तो केवढासा, तरी चाप ओढताना तिचे डोळे गच्च मिटायचे. मला ते कसं कळायचं, तर गालावरून. नेम धरताना तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकलेला असायचा. डोळे मिटले की गाल दगडासारखा घट्ट व्हायचा, नळी जमिनीकडे झुकायची आणि गोळी खडीत. बशी बिचारी जशीच्या तशी. अगं, उघड ना डोळे! मी मनातल्या मनात किती ओरडले असेन.

एका संध्याकाळी टाऊनो खाणीत आला. तो गाडीतून उतरला, घडीची खुर्ची मांडून बसला आणि म्हणाला, "आण इकडे. मी भरून देतो."

त्याने पाठ फिरवून कडं खाली-वर केलं आणि मला हेल्मीच्या हातात दिलं. हेल्मीने नेम धरला, डोळे मिटले, चाप ओढला. टक! आत काडतूसच नव्हतं. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही माझी नळी खाली झुकली आणि हेल्मीचा खांदा उडाला.

"बघितलंस?" टाऊनो म्हणाला. "रायफलने काही केलं नाही. सगळं तू केलंस."

"तू मला फसवलंस."

"हो. आता पुन्हा फसवतो."

आणि तो फसवतच राहिला. कधी भरलेली द्यायचा, कधी रिकामी, आणि चेहरा असा कोरा ठेवायचा की काही कळायचं नाही. हेल्मी चिडायची, त्याला नको नको ते बोलायची. "बायकोचा छळ करायला काठी लागत नाही वाटतं!" टाऊनो म्हणायचा, "बोल, पण डोळे उघडे ठेवून बोल." हळूहळू गाल सैल पडू लागला. बशीत भोकं पडू लागली. पण दर वेळी नाही. अजून मधेच एखाद्या गोळीला तो गाल घट्ट व्हायचाच.

शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या रात्री टाऊनोने तिला सांगितलं, "दुसऱ्या शनिवारपर्यंत तू जा. तोवर नर मिळाला नाही, तर शनिवारी दुपारी मी माझी घेऊन जातो. यावर वाद नको." हेल्मीला त्याचा हट्ट ठाऊक होता. तिने वाद घातला नाही. तिने फक्त त्याचा शिकारीचा, लाल-काळ्या चौकटींचा लोकरी शर्ट उचलला आणि म्हणाली, "मग हा मी घालते."

पहिल्या दिवशी आमच्याकडे शाळाही बंद असते. सगळं गाव जंगलात. आर्मासची शिकारीची झोपडी दलदलीच्या काठाला आहे, आत लोखंडी शेगडी, माळ्यावर गाद्या आणि मांसाच्या भाजक्या करंज्यांचा वास. हेल्मी पहिल्या उजेडाला एका पडलेल्या सीडरपाशी बसली. ऊन वर आलं तेव्हा एक नर समोरून अगदी सावकाश चालत आला, बशीच्या अंतराच्याही आत. शिंगं स्पष्ट दिसत होती. हेल्मीने अंगठ्याने माझ्या नळीमागचा घोडा मागे ओढला, म्हणजे मी उडायला तयार. गाल टेकवला. आणि चाप ओढताना गाल दगड झाला.

गोळी कुठे गेली देव जाणे. नर उडी मारून नाहीसा झाला.

झोपडीतला रिवाज असा की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. त्या संध्याकाळी आर्मासने कात्री काढली. हेल्मी पाठमोरी उभी राहिली. कचकच करत टाऊनोच्या शर्टाचं टोक निघालं. लाल-काळा तुकडा भिंतीवर लागला.

"रायफलच तसली," आर्मास म्हणाला. "मी सांगत होतो. भंगार ते भंगार. अजून वेळ आहे, माझी जुनी मॅग्नम ने."

माझा संताप संताप झाला. चूक कोणाची आणि नाव कोणाचं! पण हेल्मीने भिंतीकडे पाहिलं. तिथे कितीतरी टोकं होती, धुरकटलेली, जुनी. ती एकेकाचं नाव वाचत गेली आणि हसली.

"आर्मास, यातली सहा तुझी आहेत," ती म्हणाली. "सहाही मॅग्नमची का?"

झोपडीत असा हशा पिकला की शेगडीवरची केटली हलली. आर्मासही हसला, पण जरा उशिरा.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. टाऊनोने शर्ट पाहिला, मागे हात लावला, कापलेली कड चाचपली. पडवीत जाऊन त्याने आपले शिकारीचे बूट काढून आणले आणि शेगडीपाशी ठेवले. ते बूट रोज तिथे दिसायचे. हेल्मी त्यांच्याकडे न बघता कामावर जायची, आणि संध्याकाळी उजेड असेतोवर मला घेऊन दलदलीत बसायची.

त्या आठवड्यात एकदा तोडलेल्या जंगलाच्या मोकळ्या पट्ट्यात, पार पलीकडच्या कडेला, एक मोठा नर उभा राहिला. काय शिंगं होती त्याची! हेल्मीने मला वर उचललं. मी तिच्या गालाची वाट पाहत होते. तिने बराच वेळ पाहिलं आणि मला परत मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने आर्मास धावत आला. त्याने बाजूच्या टेकाडावरून सगळं पाहिलं होतं.

"सोडलास? अगं, तो नर सोडलास?"

"माझ्या बशीबाहेर होता."

"बशी? कसली बशी? नशीब दारात आलं आणि ही बशी मोजते! एकदा दणका द्यायचास, लागला तर लागला!"

"आणि नाही लागला नीट, तर? पोटात गोळी घेऊन तो दलदलीत दोन दिवस फिरेल, आणि मी त्याला शोधत. लागला तर लागला म्हणून मी मारणार नाही."

आर्मासने डोक्याला हात लावला. खरं सांगू, मलाही त्या क्षणी वाटलं, काय ही बाई! शनिवार तोंडावर आला, शेगडीपाशी बूट उभे आहेत, आणि ही नर सोडते! पण मग मला सुलो आठवला. तोही सोडायचा. मी गप्प बसले. तसंही मला दुसरं काय येतं?

शनिवारी पहाटे टाऊनो आधीच उठलेला होता. तो बाकावर बसून बूट चढवत होता. पाठ वाकत नव्हती म्हणून एकेक नाडी ओढायला त्याला फार वेळ लागत होता. हेल्मीने दारात थांबून पाहिलं.

"दुपार म्हणाला होतास," ती म्हणाली.

"दुपारच. मला बूट घालायलाच दुपार होते."

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही. ती मला घेऊन निघाली.

रात्री पडलेला बर्फ फांद्यांवर तसाच होता. हेल्मी त्याच पडलेल्या सीडरपाशी बसली. उजेड झाला, ऊन वर आलं, हात गारठले. काहीच हललं नाही. दूरवर कोणाची तरी मॅग्नम वाजली, मग पुन्हा, मग पुन्हा. मला नावं ठेवणारा आर्मासच तो, हे मी आवाजावरून ओळखलं. आणि मग झाडीतून, अगदी बाजूने, एक कोवळा नर बाहेर आला. मोठा नव्हता. शिंगं म्हणजे नुसते दोन सुळे. पण हिवाळाभराचं मांस होता तो.

तो एका फांदीआड थांबला. हेल्मीही थांबली. तिने अंगठ्याने घोडा ओढला तेव्हा बारीकसा आवाज झाला आणि नराने मान वर केली. तिचा गाल माझ्या दस्त्यावर आला. गार होता. मी वाट पाहिली की आता घट्ट होईल, आता होईल. नराने एक पाऊल पुढे टाकलं, फांदी मागे राहिली.

गाल सैलच राहिला, आणि तिने चाप ओढला.

मित्रांनो, नंतर ती बराच वेळ त्या नराशेजारी बर्फात बसून होती. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि ती रडली, मग नाक पुसलं आणि सुरी काढली. आर्मास आवाज ऐकून आला. काही न बोलता त्याने दोर काढला, नराच्या शिंगांना बांधला आणि एकटाच ओढू लागला. निम्म्या वाटेवर दम खायला थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "विकणार का ही? पुढच्या वर्षी?"

"दुकानात बघ," हेल्मी म्हणाली. "मांडणीच्या टोकाला. असेल एखादी. वर टोपी अडकवलेली."

आमच्या गावात नोव्हेंबरात प्रत्येक स्वयंपाकघरात कान जंगलाकडे असतात. दोन आवाज आले की लोक म्हणतात, बघू. तीन आले की म्हणतात, गेला पळून. एकच आला आणि मग सगळं शांत, की कोणी काही म्हणत नाही, कढई काढतात. हेल्मी घरी पोचली, मला पडवीत उभं केलं आणि दार ढकललं. शेगडीपाशी टाऊनोचे बूट होते. नाड्या पूर्ण सोडलेल्या, जिभा बाहेर काढलेल्या. टाऊनो लोकरी मोजे घालून टेबलापाशी बसला होता. समोर कॉफीचे दोन कप, आणि वेलचीच्या पावाचे जाड काप.

"एकच ऐकला," तो म्हणाला. "सुलोचाच आवाज."

"एकच लागला."

त्याने तिच्या भुवईकडे पाहिलं. चंद्रकोर आता पांढरी पडत चालली होती.

"डोळे?"

"उघडे होते," हेल्मी म्हणाली, आणि कोट न काढताच त्याच्याशेजारी बसली.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. त्यानंतर कितीतरी नोव्हेंबर आले. टाऊनो अजून आपल्या पायांवर चालतो, हे मी भिंतीवरून रोज बघते. विल्होकाकाच्या दुकानात मात्र काहीच बदललेलं नाही. अजूनही लोक येतात आणि मॅग्नमच मागतात. हेल्मी काउंटरपाशी उभी असली तर आपल्या भुवईवर बोट ठेवून दाखवते. लोक हसतात, आणि मॅग्नमच घेतात. काय करावं या माणसांचं!

तुम्ही रायफल घ्याल, न घ्याल. पण कधी काही पहिल्यांदा घ्यायला गेलात, तर एवढं माझं ऐका. पुढच्या रांगेतलं झगमगणारं बघून झालं की टोकालाही जा. तिथल्या जुन्या वस्तूवरची टोपी उचला, ती हातात घ्या, गालाला लावून बघा. आणि ती घरी आणलीत, तर थंडीतून एकदम चुलीजवळ नेऊ नका. आधी पडवीत थांबवा, मग दाराशी, मग आत घ्या. आणि हो, तेलाचं फडकं विसरू नका. मी वाट बघत असते.